नानांचं प्रस्थान

धारला वकिली करायची म्हणून मी अमझेऱ्याहून आलो आणि खोली शोधत शोधत नानांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मला माडीवरच्या दोन खोल्या दाखवल्या, खिडकी उघडून वारा कुठून येतो ते दाखवलं आणि मग अगदी सहज म्हणाले, "तुम्ही परवाच राहायला आलात."

मी म्हटलं, "परवा तर मी अमझेऱ्यात होतो."

"असाल. पण परवाचा दिवस सोडला तर हा सबंध पंधरवडा घरात शिरायला चांगला नव्हता. म्हणून तुमच्या नावानं सुपारी ठेवली." त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथं मूठभर तांदूळ होते आणि तांदळांवर एक सुपारी बसली होती. "नाव ठाऊक नव्हतं, म्हणून भाडेकरू एवढंच म्हटलं. दोन दिवसांत तिचा आम्हांला काडीचा त्रास झाला नाही. तुम्हीही तसेच राहाल अशी आशा आहे."

मी सुपारीच्या शेजारी वळकटी टाकली आणि पुढं कितीतरी वर्षं तिथंच राहिलो. त्या सुपारीइतका शांत राहिलो असं मात्र म्हणवत नाही.

नाना तिथल्या एका शाळेत संस्कृत शिकवत. अंगानं शिडशिडीत, आवाज मात्र चार वर्गांना पुरेल असा. साध्या गप्पा मारायला बसले तरी शेजारच्या आळीतल्या माणसाला वाटायचं, आपल्यालाच काही सांगताहेत. स्वभावानं इतके निर्मळ, की त्यांच्यावर रागावणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी चुकल्यासारखं व्हायचं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती, आणि ती कशी बसली ते सांगितल्याशिवाय नाना समजायचे नाहीत.

आपण पूजा करतो तेव्हा देवाला देण्याजोगं सगळं काही घरात असतं असं नाही. मग 'वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि' म्हणून चार तांदूळ वाहायचे, की देवाला वस्त्र पोचलं. अलंकार नाहीत, वाहा तांदूळ. तुम्ही-आम्ही ते तांदूळ वाहतो आणि विसरतो. नाना विसरत नसत. त्यांच्या लेखी देव त्या घटकेपासून खरोखर नेसलेला असायचा. एकदा थंडीत मी म्हटलं, "नाना, तुमच्या बाळकृष्णाला एक झबलं तरी शिवा." तर माझ्याकडे चकित होऊन पाहायला लागले. "अहो, सकाळीच दिलंय. तुमच्यासमोर." एका गोष्टीच्या ऐवजी दुसरी ठेवली आणि तसं तोंडानं म्हटलं, की ती पहिलीच झाली, हा त्यांचा धर्म होता. 'ऐवजी' हा शब्द ते जितक्या श्रद्धेनं उच्चारत तितक्या श्रद्धेनं मी दुसऱ्या कोणाला देवाचं नावही घेताना ऐकलेलं नाही.

शाळेतल्या पोरांना हे फार लवकर कळलं. पोरं ती पोरंच. कोणाला दुपारी तलावावर पोहायला जायचं असलं की तो आपली टोपी बाकावर ठेवून जायचा आणि जाताना सांगायचा, "मास्साब, म्हारी टोपी बैठी है." नाना हजेरी घ्यायचे. टोपी आहे ना, मग हजर. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा मुख्याध्यापक वर्गापुढून चालले होते, तर आतून नानांचा गडगडाट ऐकू येत होता आणि बाकांवर नुसत्या टोप्या होत्या. सबंध वर्ग तलावात. नाना टोप्यांना रामाची विभक्ती शिकवत होते.

मुख्याध्यापकांनी दारातूनच विचारलं, "ये किसको पढ़ा रहे हो, मास्टरजी?"

"यांना," नाना म्हणाले. "त्यांच्या वतीनं ऐकताहेत. आज फार लक्ष आहे."

यातली खरी गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी नानांनी त्या पोरांना तीच विभक्ती विचारली आणि ती त्यांना आली. टोपीवर विश्वास टाकणाऱ्या मास्तरांचं नाक कापलं जाऊ नये म्हणून पोरं रात्री घरी घोकून आली होती. त्यानंतर मुख्याध्यापकांनी तो विषय काढला नाही.

काकू म्हणजे नानांच्या पत्नी. त्या एकदा महिनाभर माहेरी गेल्या आणि इकडं सत्यनारायण आला. बायको जवळ नसली तर कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतात, तसे नाना बसले. पूजा झाली, आम्ही प्रसाद खाल्ला. नानांनी सुपारी काढून मात्र ठेवली नाही. काकू परत येईपर्यंत ती त्यांच्या कमरेला होती. भाजी कुठली आणू हे तिला विचारायचे, उत्तरासाठी थोडं थांबायचे आणि मग भोपळा आणायचे. काकू आल्या तेव्हा नाना मोठ्या कौतुकानं म्हणाले, "तू नव्हतीस त्या महिन्यात तुझं-माझं एकदाही भांडण झालं नाही."

काकूंनी पदर खोचला. "मग आजपासून आमटीला फोडणी तिलाच द्यायला सांगा," म्हणाल्या आणि शेजारी जाऊन बसल्या. नानांना दुपारपर्यंत जेवण मिळालं नाही. नवऱ्याच्या या वेडाला कुठं लगाम घालायचा हे काकूंना बरोबर ठाऊक होतं. कुठं घालायचा नाही हेही ठाऊक होतं, ते मला दिवाळीत कळलं.

भाऊबिजेच्या संध्याकाळी मी वाळत टाकलेला पंचा आणायला गच्चीवर गेलो. नाना पाटावर बसले होते. ठेवणीतला अंगरखा, डोक्याला पगडी, तोंड पश्चिमेकडं. समोर कोणी नव्हतं. झाडांच्या वर बिजेची बारीक कोर दिसत होती आणि नाना तिच्याकडं पाहत, हात जोडून बसले होते. मधेच त्यांनी मान थोडी पुढं केली, कपाळाला कुंकू लावून घेताना करतात तशी.

मी खाली येऊन काकूंना विचारलं. त्या करंज्या डब्यात भरत होत्या.

"ओवाळून घेताहेत," त्या म्हणाल्या. "देवासला अक्का आहेत ना, ह्यांच्या मोठ्या बहीण. भाऊ घरी येत नसला की बाईनं चंद्राला ओवाळायचं. त्या तिकडून ओवाळतात आणि हे इकडून ओवाळून घेतात. कोर मावळली की येतील खाली."

"पण हे देवासला जात का नाहीत?"

"कोर्टाची मनाई आहे," काकू म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

नानांच्या वेडांना तोवर मी पोटभर हसलो होतो. त्या संध्याकाळी मला हसू आलं नाही. काकूंनी मग सगळं सांगितलं, आणि ऐकताना मला कोणावर रागवावं हेच कळेना.

नाना मूळचे देवासचे. आई लवकर गेली, अक्कांनीच त्यांना वाढवलं. अक्कांचं लग्न झालं ते भिंतीपलीकडच्या घरात. वरात गावभर मिरवून शेजारी आणली. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक भिंत आणि भिंतीत एक दार. ते दार कधी लागतच नसे. त्यातून नाना दिवसभर ये-जा करायचे, आणि नेमके दुपारी. अक्कांचे यजमान, नानांचे भावोजी, कचेरीत नोकरीला होते. दुपारी जेवून घटकाभर पडायचे. ते पडले की दारातून नाना यायचे आणि अक्कांशी बोलत बसायचे. नानांचा आवाज कसला ते मी सांगितलंच आहे. भावोजींनी सांगून पाहिलं, नानांनी आवाज हळू करून पाहिला, पण तो हळू होईना. शेवटी भावोजी म्हणाले, दार बुजवतो. नाना म्हणाले, दार माझ्या आजोबांचं आहे. शब्दानं शब्द वाढला आणि भावोजी रागाच्या भरात वकिलाकडं गेले.

देवासला एका गावात दोन राज्यं. रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची. कुठल्या पातीच्या कोर्टात हा दावा पडला ते मी सांगणार नाही, कारण दोन्हीकडं आमचे सोयरे आहेत. भावोजींनी वकिलाला सांगितलं, दार बंद करून द्या. मी स्वतः वकील असल्यानं वकिलांबद्दल वाईट बोलायचा मला हक्क आहे. आमची जात अशी, की पक्षकारानं शेर मागितला तर आम्ही पायली लिहितो, म्हणजे घासाघीस होऊन शेर तरी पदरात पडावा. त्या वकिलानं लिहिलं, दार बुजवावं आणि प्रतिवादीनं वादीच्या घरात व आवारात कधीही पाऊल ठेवू नये अशी कायमची मनाई व्हावी. समोरून कोणी हजर झालं नाही, घासाघीस झालीच नाही, आणि पायलीच्या पायली पदरात पडली. एकतर्फी निकाल.

निकालाची नक्कल नानांना धारला मिळाली. त्यांनी ती वाचली, घडी केली, आणि त्या दिवसापासून अक्कांच्या घरी पाऊल ठेवलं नाही. भावोजींना हे इतकं नको होतं. पण नाना विचारत नाहीत तर मी का सांगू, असा त्यांचा पीळ. अक्का धारला येऊन ओवाळू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, भाऊ माझ्या दारी येईल तेव्हाच ओवाळीन. एकाच आईची लेकरं दोघं. सोयऱ्यांच्या एखाद्या लग्नात दुरून दिसायचे एकमेकांना, तेवढंच. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली आणि अक्कांची साठी आली.

"वकील," काकू मला म्हणाल्या, "ह्यांचं चंद्रावर भागतं. अक्कांचं भागत नाही हो. बाईमाणसाचं नाही भागत. काही करता आलं तर पाहा."

मी नव्या दमाचा वकील, पक्षकारांची वाट पाहून डोळे दुखायला आलेले. दुसऱ्या दिवशी नानांना गाठलं. "नाना, निकाल एकतर्फी आहे. तुमचं म्हणणं कोर्टानं ऐकलंच नाही."

"ऐकणार कसं? मी आधीच धारला निघून गेलो होतो."

"नकलेत तर लिहिलंय, प्रतिवादी घरी हजर होता, समन्स घ्यायला त्यानं नकार दिला."

"छे. नकार कशाला देईन? घरात नव्हतोच."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खाली बसलो. नव्या लोकांसाठी थोडं उलगडून सांगतो. लांबच्या प्रवासाला निघायचं आणि चांगला दिवस दोन-तीन दिवस आधीच येतो, तर त्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. आपलं एक धोतर, त्यात सुपारी, हळकुंड, थोडे तांदूळ, असं लहानसं गाठोडं बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो. मग प्रत्यक्ष जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढं व्हायचं. जुन्या घरांत सगळेच ठेवत. ठेवून झाल्यावर माणूस घरात जेवतो, झोपतो, शेजाऱ्याशी भांडतोसुद्धा. नानांना धारच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी प्रस्थान ठेवलं, आणि शेजार म्हणजे अक्का, म्हणून अक्कांच्या देवघरात ठेवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी बेलीफ आला. दार नानांनी उघडलं.

"नाना साब, समन है आपका."

"नाना धारला गेले," नाना म्हणाले.

बेलीफ माळव्यातला भला माणूस. तो म्हणाला, "अरे भिया, तम तो म्हारे सामने ऊबा हो."

"मैं तो पीछे रह गया हूँ. नाना कल सुबह निकल गए."

बेलीफानं थोडा वेळ वाट पाहिली, पण दुसरे कोणी नाना आतून आले नाहीत. मग त्यानं आपल्या समजुतीप्रमाणे जे खरं वाटलं ते लिहिलं, समन्स दाराला चिकटवलं आणि जाता जाता दावा कोणी लावला ते सांगून गेला. नानांना ते लागलं. ज्या घरातून आपल्यावर दावा निघाला त्या घरात प्रस्थान उचलायला जायचं कसं? ते गाठोडं न उचलताच धारला आले.

"म्हणजे तुमचं प्रस्थान अजून तिथंच?"

"असेल तर तिथंच असेल. शास्त्रानं पाहिलं तर मी अजून धारला पोचलेलो नाही. वाटेत आहे." आणि हे सांगताना चेहऱ्यावर इतकी शांती, की मला त्यांचा हेवा वाटला.

अर्ज करायला ते कबूल होईनात. हुकूम म्हणजे हुकूम. काकूंनी त्यांना आत नेलं. आत काय झालं ते मला ठाऊक नाही, पण बाहेर आले तेव्हा नानांचे डोळे ओले होते आणि त्यांनी एकच अट घातली. अर्जात भावोजींच्या विरुद्ध एक अक्षर असता कामा नये. आता ज्यानं मनाई आणली त्याच्याविरुद्ध न लिहिता मनाई उठवायचा अर्ज लिहायचा कसा? मी चार रात्री डोकं धरून बसलो. 'वादी, जे अर्जदाराचे पूज्य भावोजी आहेत' अशा थाटाचा अर्ज त्या कोर्टात पूर्वी कोणी दिला नसावा.

धारच्या जुन्या वकिलांनी माझी यथेच्छ थट्टा केली. "जुनी मढी उकरू नकोस, पोरा," एकानं सांगितलं. "मुदत केव्हाच बुडाली. वादी हो म्हणाला तरच काही होईल. आणि वादीनं हो म्हणायचं असतं तर तो दावा कशाला लावता?"

वैशाखात तारीख लागली. टांग्यानं निघालो, वाटेत इंदूरला मुक्काम केला. या प्रवासासाठी नानांनी प्रस्थान ठेवलं नाही. आधीचं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही, म्हणाले. देवासला त्यांचं घर भाड्यानं दिलेलं, म्हणून देवीच्या टेकडीखाली धर्मशाळेत उतरलो. तिथून अक्कांची आळी हाकेच्या अंतरावर. नाना त्या बाजूला पाठ करून झोपले.

न्यायाधीश पिकल्या मिशांचे, तपकीर ओढणारे गृहस्थ होते. त्यांनी माझा अर्ज वाचताना दोनदा डबी उघडली आणि दोनदा तपकीर न घेताच मिटली. भावोजी पलीकडं उभे होते. ताठ, जरीच्या काठाचं उपरणं घेतलेले. त्यांनी आणि नानांनी एकमेकांकडं पाहिलं नाही, पण नानांनी नकळत अंगरख्याचे बंद नीट केले.

मी बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात अडखळलो. न्यायाधीश नानांकडं वळले.

"समन्स आलं तेव्हा तुम्ही घरी होतात?"

"नाही सरकार. आदल्या दिवशीच निघालो होतो. प्रस्थान ठेवलं होतं."

"मग बेलीफाशी बोललं कोण?"

"जो मागं राहिला होता तो."

"म्हणजे तुम्हीच."

"सरकार," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजानं खिडकीतली कबुतरं उडाली. "माझ्या दाराला कागद चिकटवला तर तो माझ्या हातात दिला असं कोर्ट मानतं. म्हणजे दार ते मी. हे वकीलसाहेब उभे राहिले तर मी उभा राहिलो असं मानतं. म्हणजे हे ते मी. कोर्टाचं हे बरोबरच आहे, मी कधी तक्रार केली नाही. मग माझं धोतर, सुपारी आणि हळकुंड धारला निघालं, तर मीच तेवढा निघालो नाही, हे कसं?"

कोर्टात कोणी हसलं नाही. निदान मोठ्यानं नाही. न्यायाधीशांनी चिमूट घेतली, ती ओढायला बराच वेळ लावला आणि मग भावोजींच्या वकिलाला बोलायला सांगितलं. तो म्हणाला, ही सगळी कथा आहे. प्रस्थान ठेवलं होतं याला पुरावा काय? आणि ठेवलं असलं तरी मुदत बुडाली ती बुडाली. तो खरं बोलत होता. मी मागं वळून पाहिलं तर नाना मजेत उभे. जे खरं आहे त्याला पुरावा लागतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

न्यायाधीशांनी भावोजींना पुढं बोलावलं. "तुमच्या घरी यांचं प्रस्थान होतं?"

वकील भावोजींकडं रोखून पाहत होता. 'आठवत नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागत होतं. खोटंही धरलं नसतं कोणी, इतक्या वर्षांची गोष्ट. त्या घटकेला मी मनातल्या मनात कुठल्या देवाला काय बोललो ते आज सांगत नाही.

"होतं," भावोजी म्हणाले. "अजून आहे. देवघराच्या कोनाड्यात. हिनं हलवू दिलं नाही. दर दिवाळीला उचलते, कोनाडा सारवते आणि परत ठेवते."

"मग हे गावाला निघालेत असं तेव्हा कोर्टाला का कळवलं नाहीत?"

"राग होता, सरकार."

"आणि अजून?"

भावोजींनी उपरण्याच्या टोकानं मान पुसली. "मला दुपारची झोप हवी होती, सरकार. दार बंद करा, एवढंच मी सांगितलं होतं. घरात येऊ नये हे वकिलानं घातलं."

"तुम्हांला नको होतं, तर इतक्या वर्षांत यांना या म्हणालात का नाही?"

"यांनी विचारलं नाही."

नाना कळवळून म्हणाले, "विचारायला घरी यावं लागलं असतं ना, भावोजी. आणि मनाई होती."

न्यायाधीश एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी वादीला विचारलं, निकाल रद्द करायला हरकत आहे का. भावोजींनी मान हलवली. हरकत नाही म्हणून हलवली, की आहे म्हणून, हे कळेना, तेव्हा पुन्हा विचारलं. "नाही, सरकार," भावोजी म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की आवाजात ते नानांचे सख्खे भाऊ शोभले असते. वादीची हरकत नसल्यानं एकतर्फी निकाल रद्द, मनाई उठली, दावा पुन्हा पहिल्यापासून चालावा, असा हुकूम झाला.

त्या दाव्याचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. पुढच्या तारखेला भावोजींनी तो काढून घेतला. भिंतीतलं दार पुन्हा उघडलं, फक्त दुपारी झोपताना भावोजी ते लावून घेत. सुटीत देवासला आले की नाना दुपारभर अलीकडच्या बाजूला पायरीवर बसून वाट पाहत.

पण ते पुढचं. त्या दिवशी हुकूम झाला आणि मला वाटलं, आता नाना पंचांग काढणार. कार्तिकातली भाऊबीज पाच महिने लांब, आणि हुकूम झाला तो दिवस अमावास्येचा. अमावास्येला नाना नखंसुद्धा काढत नसत. मी कागद आवरून वळलो तर नाना जागेवर नव्हते. बाहेर आलो तर ते रस्त्यानं चालले होते, भर उन्हात, अनवाणी. वहाणा कोर्टाच्या पायरीपाशी तशाच पडलेल्या. मी त्या उचलायला वाकलो, तेवढ्यात दुसऱ्या कोणाचा हात आला. भावोजींनी त्या उचलल्या, एका हातात धरल्या आणि मेहुण्याच्या मागं चालायला लागले. आमच्यात बहिणीचा नवरा म्हणजे जन्माचा मानकरी. त्यानं बायकोच्या भावाच्या वहाणा हातात घेऊन गावातून चालावं, हे मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. दुकानांतून माणसं बघत होती. भावोजी कोणाकडं बघत नव्हते.

अक्का ओसरीवर सांडगे घालत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, हात पिठानं भरलेले. नाना उंबऱ्यापाशी येऊन थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज बसला.

"अक्का, निकाल रद्द झाला," ते म्हणाले.

"मला काय सांगतोस निकाल," अक्का म्हणाल्या. "पाय भाजले असतील. आत ये."

नाना आत आले. पाट कोणी मांडला, पाणी कोणी दिलं, मला आठवत नाही. अक्कांनी हात धुतले, निरांजन लावलं, ताम्हनात सुपारी आणि कुंकू ठेवलं आणि त्या नानांच्या समोर आल्या. भावोजी उंबऱ्याबाहेरूनच चाचरत म्हणाले, "अगं, आज अमावास्या. आज कसली भाऊबीज?"

"तुम्ही गप्प बसा," अक्का म्हणाल्या. "दावा तुमचा होता. भाऊ माझा आहे."

त्यांनी नानांच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट कपाळावर टेकलं ते तिथंच राहिलं. नाना रडत होते आणि हसत होते. मग अक्कांनी ओवाळायला सुरुवात केली. दर ओवाळणीला त्या नानांचा चेहरा नीट पाहून घेत होत्या, पांढऱ्या झालेल्या मिशा, पडलेला दात, सगळं. त्या थांबेचनात. निरांजनातलं तूप संपत आलं तरी हात फिरतच होता. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि इतका आनंद झाला की कुठं उभं राहावं कळेना.

शेवटी अक्कांचं लक्ष दाराकडं गेलं. भावोजी वहाणा हातात घेऊन अजून उन्हातच उभे होते.

"त्या ठेवा आता खाली," अक्का म्हणाल्या. "तो राहणार आहे."